खाडीकाठची वाट आणि तिचे ऋण

तीर्थयात्रेचे पुण्य कशात असते याचा विचार आपल्या परंपरेने पुष्कळ केला आहे. परंतु ज्या वाटेच्या शेवटी देऊळ नाही, जिच्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी कोणी संकल्प सोडलेला नाही आणि जेथून निघावे तेथेच परत यावे यापलीकडे जिला दुसरे गंतव्य नाही, अशा वाटेने जाण्याला धर्मविचारात काही स्थान आहे काय, हा प्रश्न आपण सहसा उपस्थित करीत नाही. वारकऱ्यापुढे पंढरी असते, काशीला निघालेल्यापुढे गंगा असते. रविवारी पहाटे, शहर अद्याप झोपेत असताना, सायकल काढून नवी मुंबईतल्या सारसोळ्याहून खाडीच्या कडेने बेलापूरकडे आणि तेथून पुढे उरण-पेणच्या डोंगरवाटांना लागणाऱ्या मनुष्यापुढे काय असते? त्याला विचाराल तर तो व्यायाम म्हणेल, मोकळी हवा म्हणेल, आणि थोडा थांबला तर मनाची शांती म्हणेल. हे शेवटचे उत्तर मला महत्त्वाचे वाटते. कारण शांतीचे नाव घेताच आपण आरोग्यशास्त्राची हद्द ओलांडून धर्मशास्त्राच्या हद्दीत आलेलो असतो, आणि तेथे कोणत्याही प्राप्तीबरोबर ती कोठून आली व तिच्यापोटी काय देणे लागते, हे विचारल्यावाचून गत्यंतर नसते.

गंतव्यहीन प्रवासाचा एक थोर दाखला आपल्याकडे आहेच. नर्मदेची परिक्रमा करणारा मनुष्य शेवटी जेथून निघाला तेथेच येतो. त्याला कोठे पोहोचावयाचे नसते, नदी उजव्या हाताला ठेवून चालत राहावयाचे असते, आणि त्या चालण्यालाच उपासना म्हणतात. सारसोळ्याहून दक्षिणेकडे निघाले की पाम बीच मार्गावर खाडीही उजव्या हातालाच राहते. एवढ्यावरून सायकलस्वाराला परिक्रमावासी म्हणणे हे अतिशयोक्तीचे होईल, हे मी जाणतो. परिक्रमावासी भिक्षेवर राहतो, संग्रह करीत नाही, नदी ओलांडीत नाही, आणि या मर्यादांतूनच त्याच्या चालण्याला व्रताचे रूप येते. तेव्हा प्रश्न मर्यादेचा आहे. सायकलस्वाराची मर्यादा कोणती आणि ती त्याला कोण घालून देतो?

सारसोळे हे नेरूळमधील आगरी-कोळ्यांचे जुने गाव. कुकशेत, करावे, दारावे, शिरवणे ही त्याची शेजारची भावंडे. आज त्याच्या सभोवती सिडको या नगरनियोजन महामंडळाचे सेक्टर उभे आहेत आणि गाव व खाडी यांच्यामधून पाम बीच मार्ग धावतो. पण मार्ग ओलांडून जेट्टीकडे गेले, की तिवरांच्या राईत बामणदेवाचे ठाणे लागते, आणि खाडीत होडी घालणाऱ्या ग्रामस्थांची त्यावर जी श्रद्धा आहे तिच्यावर शहराच्या आराखड्यांचा काही परिणाम झालेला नाही. या जेट्टीवर एके पहाटे मी जाळे आवरीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याला विचारले, "नाखवा, आज भरती किती वाजता?" त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. "आज अष्टमी. सहाला भरती," एवढेच म्हणाले, आणि मी अधिक विचारल्यावर त्यांनी तो हिशेब समजावून सांगितला, जो या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. एकादशीचा उपवास आणि होडी पाण्यात लोटण्याची वेळ ही दोन्ही एकाच तिथीवरून ठरतात, पंचांग हे येथे देवघरातही लागते आणि डोलीच्या जाळ्यालाही लागते, ही गोष्ट मला तेव्हा प्रथमच इतक्या स्पष्टपणे प्रतीत झाली.

हा हिशेब सायकलस्वारालाही उपयोगी आहे. हिवाळ्यापासून वैशाख-ज्येष्ठापर्यंत ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी असतात. ओहोटीला ते दूरवर उघड्या पडलेल्या चिखलावर चोच उलटी धरून सूक्ष्म शैवाल गाळून खात असतात; भरतीने चिखल बुडाला की ते उठतात आणि करावे-नेरूळच्या बाजूला टी. एस. चाणक्य संस्थेच्या मागच्या पाणथळीत किंवा डीपीएस तलावात येऊन उभे राहतात. म्हणजे अष्टमीच्या पहाटे ते रस्त्याजवळ असतात आणि पौर्णिमेच्या पहाटे दूर. या व्यवस्थेला एकच अट आहे: पाणथळीत भरतीचे पाणी येण्या-जाण्याची वाट मोकळी असली पाहिजे. २०२४ साली डीपीएस तलावाकडे येणारे पाणी अडले, तलाव सुकू लागला, आणि त्याच एप्रिलमध्ये त्या परिसरात रोहित मृत्युमुखी पडले. खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये रामसर यादीत त्याचा समावेशही झाला. परंतु पक्ष्याला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते, आणि ज्या तळ्यात तो भरतीच्या वेळी विसावतो ते हद्दीच्या बाहेर असले म्हणून त्याचे विसावणे टळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. गीतेने फलाशा सोडून कर्म करावयास सांगितले, आणि या उपदेशावर महाराष्ट्रात जेवढे चिंतन झाले तेवढे क्वचितच अन्यत्र झाले असेल. त्यातील एक चिंतन मला या वाटेवर वारंवार आठवते, कारण ते ज्या पुरुषाने केले तो याच वाटेच्या टोकाला जन्मला. सारसोळ्याहून बेलापूर, गव्हाण फाटा, दिघोडे, चिरनेर, खारपाडा असे करीत पेणला पोहोचावे आणि तेथून डोंगरांच्या बाजूला वळावे, की पेण तालुक्यातच गागोदे हे गाव आहे; ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म तेथला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या प्रवचनांत विनोबांनी विकर्म या संज्ञेचा जो अर्थ लावला तो परंपरागत भाष्यकारांहून वेगळा आहे: बाहेरून हातांनी होते ते कर्म, त्याच्या जोडीला आतून मन ओतले जाते ते विकर्म, आणि दोहोंचा मेळ बसला की कर्माचा भार उतरतो, करणारा करतो आहे असे त्याला वाटेनासे होते, त्या अवस्थेला अकर्म म्हणावयाचे.

या विचाराची प्रचीती खारघरच्या डोंगरावर येते. शहराच्या अंगावरून निघून फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी पाड्यांकडे जाणारा तो चढाचा रस्ता आहे. पहिल्या वळणापर्यंत सायकलस्वाराचे चित्त माथ्यावर असते. किती राहिले, किती वेळ लागेल, मागून येणारा पुढे जाईल काय, असे फळाचेच विचार त्यात चालतात, आणि जोवर ते चालतात तोवर मांड्या भरून येतात, श्वास तुटतो, पुढचे चाक वेडेवाकडे जाते. मग कोठेतरी, कोणत्या वळणावर ते सांगता येत नाही, श्वास आणि पायडल यांची लय एक होते. हलका गिअर, आखूड फेरा, नजर दहा हातांपुढच्या रस्त्यावर. डांबराला पडलेली भेग दिसते, भेगेतून उगवलेले गवत दिसते, कडेच्या सागाचे चाळणी झालेले पान दिसते. माथा दिसत नाही आणि तो दिसावा अशी इच्छाही होत नाही. चढ तोच असतो, देह तोच असतो, पण ओझे वाहणारा कोणी उरलेला नसतो. विनोबांच्या अर्थाने हे अकर्म आहे असे मला पुष्कळ काळ वाटत आले आणि त्यात खोटे काही नाही.

परंतु येथेच थांबणाऱ्या विचाराविषयी मला आता खोल शंका वाटते. एकाग्रता ही धर्माची पुरेशी खूण नव्हे. तिवरांच्या कडेला एका पायावर उभा असलेला बगळाही एकाग्र असतो, आणि आपल्या पूर्वजांनी बकध्यान कशाला म्हटले ते सांगावयास नको. शिकारी एकाग्र असतो, जुगारी एकाग्र असतो. कर्म भाररहित झाले म्हणजे ते निष्काम झाले, असे मानले तर सुखाचा प्रत्येक तंद्रीमय प्रकार योगात जमा करावा लागेल. विनोबांनी तसे कधीच मानले नाही. त्यांच्या विकर्मात मन ओतावयाचे ते कर्तव्यात, स्वधर्मात ओतावयाचे आहे. तेव्हा सायकलस्वाराला जी शांतता लाभते तिची परीक्षा ती किती गाढ आहे यावरून करता येत नाही. ती ज्यावर उभी आहे त्याचे त्याला भान आहे काय, यावरून ती करावी लागते.

ती कशावर उभी आहे? आज ज्या सपाट, रुंद, सुखावह रस्त्यांवरून चाके धावतात त्यांच्याखाली आणि आजूबाजूला खाजण होते, भातशेती होती, मिठागरे होती. खारजमीन ही निसर्गाने आयती दिलेली वस्तू नव्हे. समुद्राला बाहेर थोपवणारा चिखलमातीचा बांध माणसांनी घातला, ओहोटीला पावसाचे गोडे पाणी बाहेर जावे आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून त्यात उघाडी बसवली, आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी सगळा गाव घमेली घेऊन बांधावर उतरला, तेव्हा कोठे तेथे भात पिकला. बांधाला एक खांड पडली तर शेतात खारे पाणी शिरे आणि ती जमीन पुन्हा गोडी होण्यास काही पावसाळे जावे लागत. म्हणून बांध हा कोणा एकाचा नसे, त्याची राखण ही सामायिक वहिवाट असे. महसुली दप्तरात या जमिनीचा सारा लिहिलेला सापडतो, गट आणि हद्दी सापडतात. बांधावर खर्ची पडलेल्या श्रमांची नोंद मात्र कोणत्याही कचेरीने ठेवलेली नाही.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. नोटिसा निघाल्या, मोजण्या झाल्या, मोबदल्याचे निवाडे झाले. मोबदला अन्यायाचा आहे म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र उभे राहिले, आणि १९८४ च्या जानेवारीत, १६ व १७ तारखांना, जासई-दास्तानच्या बाजूला पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे हुतात्मा झाली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून निघाली. उरणच्या वाटेला लागलेला सायकलस्वार जासईवरून जातो तेव्हा सकाळी साडेसहाच्या सुमारास तो रस्ता रम्य असतो. कंटेनरची वाहतूक अद्याप जोर धरलेली नसते, डाव्या हाताच्या डोंगरावर धुके असते. त्या रम्यतेला मी खोटी म्हणत नाही. ती पूर्ण नाही, एवढेच म्हणतो.

पेणच्या वाटेवर पुढे चिरनेर लागते. बहुतेक लोक तेथे महागणपतीच्या दर्शनासाठी थांबतात आणि थांबावेच. पण अक्कादेवीच्या डोंगराकडेही एकदा पाहावे. २५ सप्टेंबर १९३० रोजी या डोंगरात सरकारी जंगल कायद्याविरुद्ध सत्याग्रह झाला, हजारो लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन लाकूड तोडावयास निघाले, गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही पडले. नाग्या महादू कातकरी हा त्यांतलाच एक; बंदोबस्तावर आलेले मामलेदारही त्याच दिवशी गोळीने मरण पावले. आगरी, कोळी, कातकरी असे भिन्न ज्ञातींचे लोक एका डोंगरासाठी एकत्र आले, कारण तो डोंगर त्यांच्या चुलीचा, छपराचा आणि देवीचा होता. आज त्याच डोंगररांगेची सावली आपल्याला चढाच्या वाटेवर फुकट मिळते.

येथे मला जुनी ऋणकल्पना फार समर्थ वाटते. मनुष्य जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी असतो, आणि ब्राह्मणग्रंथांतील एका परंपरेप्रमाणे मनुष्यांचाही ऋणी असतो. म्हणजे कर्ज काढण्यापूर्वीच तो कर्जदार आहे. आधुनिक मनाला हे रुचत नाही, कारण आपण केवळ स्वतः सही केलेल्या दस्तऐवजाने बांधले जातो अशी आपली समजूत आहे. मी कोणाची जमीन घेतली नाही, मी फक्त रस्त्यावरून गेलो, असे सायकलस्वार म्हणू शकतो आणि कायद्यापुढे ते निर्विवाद ठरेल. धर्माचा प्रश्न मात्र कायद्याचे उत्तर संपते तेथून सुरू होतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्न, पाऊस, यज्ञ आणि कर्म यांचे एक फिरते चक्र वर्णिले आहे, आणि त्या चक्रातून घेतो पण ते पुढे फिरवीत नाही अशा मनुष्याचे जिणे व्यर्थ ठरवले आहे. निष्कामतेचा उपदेश आणि या चक्राचा उपदेश एकाच ग्रंथात आहेत. एक घेऊन दुसरा सोडणे आपल्याला सोयीचे वाटते, पण ग्रंथाला ते मान्य नाही.

हे चक्र पाहावयाचे असेल तर जेट्टीच्या कडेच्या तिवराचे एक पान हातात घ्यावे. त्याच्या पाठीवर मिठाचे बारीक कण चमकतात. झाडाने मुळांवाटे आलेला क्षार पानांतील ग्रंथींतून बाहेर टाकलेला असतो. ज्या चिखलात प्राणवायू नाही त्यातून त्याची श्वसनमुळे बोटांसारखी वर उभी असतात. हे पान पिकून चिखलात पडते, खेकडे ते ओढून बिळात नेतात, कुरतडतात, उरलेले कुजते, त्या कुजण्यावर कोळंबीची पिले आणि निवट्या वाढतात, त्यांवर जिताडा वाढतो, त्यावर कोळ्याची चूल पेटते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्काचा भंग ठरवला आणि त्यांच्या भोवती पन्नास मीटरची मोकळी पट्टी राखण्यास सांगितले, तेव्हा एका परीने न्यायासनाने हेच चक्र कायद्याच्या भाषेत मांडले.

विनोबांकडे पुन्हा यावेसे वाटते. गागोद्याच्या घरी फणस पिकला की आई तो आधी शेजारच्या घरी वाटून यावयास लावी आणि मगच मुलांना मिळे, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. हा मुलगा पुढे १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणात पोचमपल्लीला भूमी मागावयास उभा राहिला आणि त्यानंतर तेरा वर्षे पायी देशभर हिंडून त्याने भूमिहीनांसाठी लाखो एकर जमीन मागून घेतली. त्या दानातील किती जमीन प्रत्यक्षात पोहोचली याविषयी टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. तरीही या दोन रीती शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत: एका रीतीत जमीन नोटिशीने घेतली गेली, दुसरीत ती दारात उभे राहून मागितली गेली. मागणारा मनुष्य पायी येतो म्हणून त्याला देणाऱ्याचे घर, अंगण, चेहरा दिसतो. नोटीस टपालाने येते. मंद गतीला नैतिक मूल्य असेल तर ते मला यात दिसते. सायकल ही मोटारीहून मंद असल्यामुळे सायकलस्वारालाही घरे, अंगणे आणि चेहरे दिसण्याची सोय आहे. तिचा लाभ घ्यावयाचा की नाही, हे त्याच्यावर आहे.

आणि लाभ घेण्याची निकड आज आहे. उलव्याची टेकडी विमानतळासाठी तासली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, पाणथळींवर भराव येत आहेत, आणि प्रत्येक भरावाच्या बाजूने विकासाची कारणे सादर केली जातात, ज्यांतील काही खरीही असतात. अशा वेळी पहाटेची शांतता भोगून घरी परतणारा आणि त्या शांततेच्या पक्षात कधीच एक अर्ज, एक सही, एक साक्ष न देणारा मनुष्य कितीही एकाग्र असला तरी त्याचे जाणे विहारच राहते, असे माझे निश्चित मत झाले आहे. परिक्रमावासीयाला मर्यादा शास्त्राने घालून दिली. सायकलस्वाराला ती या भूमीने घालून दिली आहे आणि ती कठीण नाही. पाणथळीच्या बांधावर चाक घालू नये, पक्षी उठतील इतके जवळ जाऊ नये, छायाचित्रासाठी तर मुळीच नाही. ज्या गावातून जावे त्या गावात थांबावे, चहा तेथेच प्यावा, आणि गावदेवीपुढे क्षणभर उभे राहावे, कारण आपण तिच्या वेशीतून आलो आहोत. तलावाकडे येणारा पाण्याचा मार्ग बुजलेला दिसला तर ते महापालिकेला आणि वनखात्याला लेखी कळवावे, तारीख घालून, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा कळवावे. ही व्रते क्षुद्र वाटतात. पण उघाडीची फळी वेळेवर खाली टाकणे हेही असेच क्षुद्र काम होते आणि सबंध गावाचे भात त्यावर अवलंबून असे.

एक व्रत मी स्वतःसाठी यांत घातले आहे. दुपारच्या आत परत आलो की सारसोळ्याच्या बाजूला टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडून, मिळतील तेव्हा, निवट्या किंवा चिंबोऱ्या घेतो, भाव करीत नाही, आणि या वर्षी खाडी काय देते ते त्यांना विचारतो. हे उत्तर उभ्या उभ्या ऐकण्यासारखे नसते, सायकल भिंतीला टेकवून खाली बसावे लागते. कारण ते कोळंबीपासून सुरू होते आणि त्यात मग पूल येतात, भराव येतो, काळ्या पडलेल्या पाण्याचा वास येतो, सासऱ्यांच्या मिठागराचे नाव येते, आणि साडेबारा टक्क्यांतला जो भूखंड अजून पदरी पडलेला नाही, त्याच्या अर्जाची कथाही येते.